भात्यावरच्या स्त्रिया

हायाओ मियाझाकी या जपानी दिग्दर्शकाचा 'मोनोनोके हिमे' हा अ‍ॅनिमेशनपट जुलै १९९७ मध्ये प्रथम प्रदर्शित झाला. 'हिमे' म्हणजे राजकन्या. 'मोनोनोके' हे मात्र कोणाचे नाव नव्हे. सूड घेणारी, माणसाला झपाटणारी अदृश्य शक्ती असा काहीसा त्या शब्दाचा अर्थ आहे. शीर्षकातली ही राजकन्या म्हणजे लांडग्यांनी वाढवलेली सान नावाची मुलगी. भित्तिचित्रांवर तीच असते आणि पाहणाऱ्याचे मनही तिच्याकडेच ओढ घेते. प्रस्तुत लेख मात्र दुसऱ्या एका स्त्रीविषयी आहे. तिचे नाव एबोशी. पोलाद गाळणाऱ्या एका तटबंद वस्तीची ती प्रमुख. तिला खलनायिका ठरवून अनेक प्रेक्षक मोकळे होतात. माझ्या मते हा चित्रपट अर्ध्यावर सोडून उठण्यासारखा प्रकार आहे.

कथानक थोडक्यात असे. काळ जपानच्या मुरोमाची राजवटीचा, म्हणजे साधारणतः चौदावे ते सोळावे शतक. पूर्वेकडे दडून राहिलेल्या एमिशी या मूळनिवासी जमातीच्या गावावर एक पिसाळलेला रानडुक्कर चाल करून येतो. तो एका रानाचा देव असतो. शरीरात रुतलेल्या लोखंडी गोळीच्या वेदनेने आणि द्वेषाने त्याचा राक्षस झालेला असतो. गाव वाचवताना आशिताका या तरुणाच्या हाताला त्याचा शाप जडतो. ती गोळी कोठून आली याचा शोध घेत तो पश्चिमेस निघतो आणि एबोशीच्या 'ताताराबा'त, म्हणजे पोलादाच्या भट्टीवर येऊन पोहोचतो. भट्टीला कोळसा हवा, कोळशाला झाडे हवीत, म्हणून एबोशी डोंगर उघडे करीत चालली आहे. रानातील देव आणि सान तिच्या जिवावर उठले आहेत. पोलादावर डोळा ठेवून असानो नावाचा सरदार बाहेर टपून बसला आहे. आणि खुद्द सम्राटाला रानातील मृगदेवाचे मस्तक हवे आहे, कारण त्यात अमरत्व आहे अशी समजूत आहे.

'तातारा' ही दिग्दर्शकाची कल्पना नव्हे. नदीतील लोहवाळू आणि लाकडी कोळसा मातीच्या भट्टीत दिवसरात्र जाळून पोलाद काढण्याची ही जपानची जुनी पद्धत आहे. हिरोशिमा ज्या चुगोकू प्रदेशात आहे, तेथील डोंगर तिच्यासाठी प्रसिद्ध होते. (जाता जाता एक नोंद. १९०३ साली 'निरोप्या' सुरू करणारे आणि पुढे पुण्याचे बिशप झालेले जर्मन येशूसंघीय हेन्री डोरिंग हे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात काही वर्षे हिरोशिमाचे धर्माधिकारी होते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा जपानशी असा एक विसरलेला धागा आहे.) या भट्ट्यांची एक देवता होती, कानायागो. ती स्वतः स्त्री. पण तिला स्त्रियांचा विटाळ चालत नाही, अशी कारागिरांची श्रद्धा. सबब भट्टीपाशी स्त्रियांना मज्जाव असे.

मियाझाकी यांनी नेमक्या याच जागी बोट ठेवले आहे. त्यांच्या ताताराबात भाता चालवतात त्या स्त्रियाच. हा भाता हाताने ओढायचा नसतो. मोठ्या फळीवर उभे राहून पायांनी दाबायचा असतो. चार दिवस आणि पाच रात्री, पाळीपाळीने, खंड न पडता. या साऱ्याजणी वेश्यागृहांत विकल्या गेलेल्या होत्या. एबोशीने पैसे मोजून त्यांना सोडवून आणले आहे. बाईच्या स्पर्शाने लोखंड बाटते असे बाहेर म्हणतात, हे त्या वस्तीतलाच एक गाडीवान पुरुष बोलून दाखवतो. पण बोलतो ते जेवताना, सहज, जुनी गंमत सांगावी तसा. मतपरिवर्तनाचे भाषण नाही, वाद नाही. रोजच्या कामाने जे सिद्ध झाले त्याला प्रमाणपत्र कशाला हवे?

भात्याचे ते दृश्य मला संपूर्ण चित्रपटातील सर्वांत मोलाचे वाटते. आशिताका पाय लावून पाहतो आणि थोड्याच वेळात घामाघूम होतो. काम फार कष्टाचे आहे ना, असे तो विचारतो. त्यावर मिळणाऱ्या उत्तराचा आशय असा की, कष्ट खरे, पण खालच्या शहरातल्या जगण्यापेक्षा बरे. पोटभर जेवण मिळते आणि पुरुषांचा ताठा सोसावा लागत नाही. या बायका मोठ्याने हसतात, पाहुण्याची थट्टा करतात, गातात. आपल्याकडील जात्यावरच्या ओव्या ज्यांनी लहानपणी पहाटे ऐकल्या असतील त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. जड दगड फिरवतानाच बाईला बोलण्याची मुभा होती. मात्र जात्यावरची बाई सासरच्या घरात एकटी दळत असे, फार तर जावेसोबत. भात्यावरच्या बायकांचा एक गट आहे, आणि त्या गटाला आपली एक ताकद आहे याची जाणीव आहे. त्यांच्यातील तोकी नावाची बाई आपल्या नवऱ्याला, गाडीवान कोरोकूला, भर चौकात फैलावर घेते आणि एबोशीच्या आडदांड अंगरक्षकालाही सोडत नाही. त्याच वेळी एबोशी पुढे होऊन तोकीची क्षमा मागते. माझ्या देखत तुमची माणसे दरीत पडली, असे म्हणते. प्रमुखाने जाहीरपणे मागितलेली ही क्षमा दोन वाक्यांत संपते. अधिकारपदावरील स्त्री म्हणजे पुरुषी कपडे घातलेला हुकूमशहा, अशी सोपी आकृती येथे नाही हे त्या दोन वाक्यांत कळते.

विटाळ कोणाचा, हा प्रश्न आमच्या बुलढाण्याला नवा नाही. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला स्वतःचे अर्भक मारल्याबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती कमी करण्यात आली. पण त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीच्या दुर्गुणांचा पाढा वाचला. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. जे दोष बाईच्या माथी मारता ते मुळात कोणाचे, हा त्यांचा रोकडा सवाल होता. बाईला त्या वाटेला ढकलणारा निर्मळ आणि ढकलली गेलेली तेवढी बाटलेली, या न्यायाची त्यांनी पुरती हजेरी घेतली. महात्मा फुले यांनी 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. इतरांनी त्यांना धारेवर धरले. त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुनर्मुद्रण केले तोवर हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले होते. भात्यावरच्या स्त्रिया पाहताना ताराबाईंची आठवण होते ती यामुळे की, एबोशी या बायकांना 'सुधारण्या'साठी आणत नाही. त्यांच्या पूर्वायुष्याबद्दल ती त्यांना एक शब्द विचारीत नाही. आपल्या अनेक सेवाभावी संस्थांना, आणि त्यांत आपल्याही संस्था आल्या, ही गोष्ट अजून साधलेली नाही. आम्ही आश्रय देतो, पण बाईने आयुष्यभर पश्चात्तापाचा चेहरा करून राहावे अशी अपेक्षाही ठेवतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एबोशी कोणाची आई नाही, पत्नी नाही, कन्या नाही. तिचा भूतकाळ चित्रपट सांगतच नाही. आमच्या जिल्ह्यातील सिंदखेड राजा ही जिजाऊंची जन्मभूमी. दर १२ जानेवारीस तेथे अपार गर्दी लोटते. जिजाऊंनी पुण्याच्या जहागिरीचा कारभार पाहिला, उजाड मुलूख वसवला, न्यायनिवाडे केले. तरीही व्याख्यानांतून आपण त्यांच्याविषयी बोलतो ते बहुधा शिवरायांच्या माता म्हणूनच. कर्तबगार बाई आपल्याला कोणाच्या तरी नात्याने ओळखावी लागते. त्याशिवाय तिचा अधिकार आपल्या गळी उतरत नाही. ज्या भूमीत मातृत्वाचा हा गौरव होतो, त्या बुलढाणा जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार शून्य ते सहा वर्षांच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या फक्त ८५५. आईचा जयजयकार आणि मुलीची नकोशी हे एकाच घरात नांदू शकते. म्हणून कोणाचीही आई नसलेल्या या जपानी बाईचे नेतृत्व मला महत्त्वाचे वाटते. बायबलमधली दबोराही अशीच आहे. शास्ते ग्रंथ तिला लप्पीदोथाची बायको म्हणतो खरा, पण त्या नवऱ्याचा पुढे उल्लेख नाही. ती एफ्राइमाच्या डोंगराळ मुलखात ताडाखाली बसून न्याय करते, आणि ती सोबत येणार नसेल तर सेनापती बाराक लढाईला जायला तयार नसतो.

एबोशीच्या वस्तीत मागील बाजूस एक बाग आहे. तेथे कुष्ठरोगी राहतात. ते तिच्यासाठी हलक्या बंदुका घडवतात. तिला बंदुका हलक्या हव्यात, कारण त्या स्त्रियांना उचलता आल्या पाहिजेत. पट्ट्यांनी वेढलेले हे रुग्ण अ‍ॅनिमेशनपटात दाखवणे जपानमध्ये धाडसाचे होते. मियाझाकी यांच्या घरापासून जवळच, टोकियोच्या परिसरात, झेन्शोएन नावाची जुनी कुष्ठवसाहत आहे. चित्रपटाची जुळवाजुळव चालू असताना ते तेथे जात आणि रुग्णांचे चित्रण थातुरमातुर करायचे नाही असे त्यांनी तेथे ठरवले, हे त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितले आहे. रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवणारा जपानचा कायदा १९९६ साली रद्द झाला, म्हणजे चित्रपट येण्याच्या अवघे एक वर्ष आधी. भारताने तरी फार घाई केली असे नाही. १८९८ चा कुष्ठरोगी कायदा आपण २०१६ साली रद्द केला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण असण्याची तरतूद २०१९ साली काढली.

विदर्भाच्या वाचकाला येथे शिवाजीराव पटवर्धनांचे अमरावतीचे तपोवन आणि बाबा व साधनाताई आमटे यांचे वरोऱ्याचे आनंदवन आठवल्याशिवाय राहणार नाही. भीक नको, काम द्या हे त्या दोन्ही ठिकाणचे सूत्र होते आणि एबोशीचेही तेच आहे. पण आनंदवनात रुग्णांच्या हातून शेती पिकली, कापड विणले गेले. ताताराबातल्या रुग्णांच्या हातून बंदुका निघतात. तेव्हा एबोशीची माया ही केवळ स्वस्तात मिळालेल्या कारागिरांची सोय आहे काय, हा संशय रास्त आहे. चित्रपट त्या संशयाचे उत्तर एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडून देतो. हा रुग्णांचा म्होरक्या. आता त्याच्याकडून काहीच काम होण्यासारखे नाही. आशिताकाचा शापित हात एबोशीला मारायला वळतो तेव्हा तो क्षीण आवाजात विनवतो की तिला मारू नकोस. आम्हाला माणूस मानणारी ती एकटीच, आमचे सडलेले मांस तिने आपल्या हातांनी धुतले, पट्ट्या बांधल्या. ज्याचा आता काही उपयोग उरलेला नाही त्याचे शरीर धुणे हा हिशेबाचा भाग असू शकत नाही. पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीत स्त्रियांचाही समावेश करण्याची मोकळीक पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली दिली, तेव्हा अनेक धर्मग्रामांत कुजबुज झाली. येथे तर धुणारीच स्त्री आहे आणि पुढ्यात असलेला देह जगाने टाकलेला आहे.

या संदर्भात आपल्या ख्रिस्तसभेच्या स्मरणशक्तीबद्दलही बोलले पाहिजे. मोलोकाईचे संत डेमियन आपल्या मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात ठाऊक होतात. ते १८८९ साली वारले. त्याच वर्षी फ्रेंच धर्मगुरू टेस्तव्हिद यांनी जपानमध्ये गोतेंबा येथे कोयामा फुकुसेई हे कुष्ठरुग्णालय स्थापन केले. पण डेमियन यांच्या अखेरच्या दिवसांत मोलोकाईला जाऊन, त्यांच्यामागे तीस वर्षे, १९१८ पर्यंत, ते काम वाहून नेणाऱ्या मदर मेरिॲन कोप यांचे नाव किती जणांना सांगता येईल? त्या धर्मभगिनींच्या नेत्या होत्या, रुग्णालयांच्या व्यवस्थापनात निष्णात होत्या आणि २०१२ साली त्यांनाही संतपद मिळाले. प्रतिमा मात्र डेमियन यांचीच भिंतीवर लागते.

इतके सांगून झाल्यावर एबोशीच्या मायेला कुंपण आहे हेही सांगितले पाहिजे. कुंपणाच्या आत ती सर्वांना घेते. विकलेल्या बाया, रोगी, ठिकठिकाणचे निराधार पुरुष, कोणाची जात-कूळ ती विचारीत नाही. कुंपणाबाहेर तिची नजर मात्र कोरडी आहे. दरीत पडलेल्या आपल्याच माणसांना मेले समजून ती तांडा पुढे काढते. रान तिच्या लेखी कोळसा आहे. सानला तिच्या आईबापांनी स्वतःचा जीव वाचवण्यासाठी लांडगीच्या, मोरोच्या, पुढ्यात टाकले होते. म्हणजे तीही टाकून दिलेलीच मुलगी. ज्या बाईने टाकलेल्यांचे गाव वसवले तिला ही एक टाकलेली मुलगी ओळखता येत नाही. चित्रपटाचे सगळे दुःख मला या एका जागी साठलेले दिसते. भूमीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे काढता येत नाहीत, असे २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात मांडले गेले. एबोशीने त्यांतला दुसरा आक्रोश मनापासून ऐकला, पहिल्यावर गोळी झाडली.

तरीही, शहरात बसून तिला दोष देणे मला जड जाते. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ २०१९ साली शेकडो कोस चालून आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिला. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. परंतु अभयारण्याच्या कडेला तुरीच्या शेतात निंदण करणाऱ्या बाईला त्या कौतुकात सहभागी होणे सोपे नव्हते. मियाझाकी तिच्या भीतीला हसत नाहीत, हे त्यांच्या चित्रपटाचे मोठेपण. मोरो ही लांडगी-देवतादेखील गोंडस प्राणी नाही. तिला आवाज दिला आहे आकिहिरो मिवा या पुरुष नटाने, आणि त्या घोगऱ्या आवाजातले मातृत्व ऐकताना अंगावर काटा येतो.

नेतृत्वाची खरी पारख पुढे होते. एबोशी मृगदेवाच्या शिकारीला जाते, बहुतेक पुरुषांना बरोबर नेते, आणि नेमका तेव्हाच असानोचा हल्ला येतो. भट्टी राखतात त्या तोकी आणि भात्यावरच्या बायका. बाहेरचे तट पडतात, त्या आतल्या कोटात मागे सरतात, रुग्णही त्यांच्यासोबत बंदुका घेऊन उभे राहतात. एबोशी तेथे नसते आणि तिच्यावाचून त्यांचे हातपाय गळत नाहीत. स्वतः ती मात्र त्याच वेळी सम्राटाच्या हस्तकांच्या नादी लागून आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी चूक करीत असते. नेत्याची चूक आणि अनुयायांचे शहाणपण एकाच वेळी पडद्यावर आणणारे चित्रपट मी फार पाहिलेले नाहीत.

आपल्या धर्मग्रामांत चित्र काय आहे? चर्चची झाडलोट, वेदी सजवणे, आजाऱ्यांच्या भेटी, धर्मशिक्षणाचे वर्ग, नोव्हेना, वर्गणी गोळा करणे ही कामे बहुतांशी स्त्रियांच्या पायांनी चालतात. भाता त्यांचाच. धर्मग्राम समितीत पैशाचा वा जमिनीचा विषय निघाला की त्यांतल्या किती जणींचा शब्द इतिवृत्तात उतरतो हे प्रत्येकाने आपापल्या गावी पाहावे. वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत सेवापदे २०२१ पासून स्त्रियांनाही खुली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये तर सिस्टर सिमोना ब्राम्बिल्ला यांची व्हॅटिकनमधील एका धर्मखात्याच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. रोम पुढे आणि तालुक्याचे गाव मागे, असे क्वचितच घडते.

चित्रपटात उणिवा आहेत. तोकी सोडली तर भात्यावरच्या एकीलाही लक्षात राहणारे नाव मिळत नाही. त्या समूह म्हणून जिवंत आहेत, व्यक्ती म्हणून नाहीत. एबोशीने विकत घेऊन सोडवलेल्या या बायकांना उद्या वस्ती सोडून जायचे असेल तर जाता येईल का, हा अडचणीचा प्रश्न चित्रपट टाळतो. रुग्ण मागच्या बागेतच राहतात. भात्यापाशी किंवा जेवणाच्या पंगतीत ते दिसत नाहीत. सर्वांना सामावून घेणाऱ्या गावातही एक मागची बाजू उरतेच. अखेरीस डोंगर पुन्हा हिरवा होतो, तो जरा झटपट होतो. या हिरवाईपेक्षा मला हात गमावून बसलेली एबोशी अधिक पटते. लांडगीच्या तुटलेल्या मस्तकाने तिचा हात तोडला आहे, आणि लांडग्याच्याच पाठीवरून ती जिवंत परतली आहे. भट्टी जळून गेलेली. आता पुन्हा सुरुवात करू, चांगले गाव वसवू, एवढेच ती लोकांना म्हणते. सान रानात जाते. आशिताका वस्तीत राहतो आणि तिला भेटायला येत जाईन म्हणतो.

पालकांसाठी एक सूचना आवश्यक आहे. चित्रांचा चित्रपट म्हणजे लहान मुलांचा, हा समज येथे चालणार नाही. पहिल्या अर्ध्या तासातच बाणांनी हात आणि मुंडकी उडतात, आणि शापाचे चित्रण भयंकर आहे. बारा-तेरा वर्षांच्या पुढील मुलांसमवेत मोठ्यांनी बसून पाहावा. लांबीही सव्वादोन तासांच्या आसपास आहे. आमच्या सभागृहात युवकांसाठी दाखवला तेव्हा मुलगे लांडग्यांविषयी आणि तलवारींविषयी बोलत होते. मुलींपैकी एकीने विचारले की नव्या गावाची प्रमुख एबोशीच राहणार, की आता तोकी होणार?